'फोर्थविथ' म्हणजे नेमके केव्हा?

इंग्रजी भाषेत काळ दाखवणारी क्रियाविशेषणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेक बोलण्यात सहज येतात आणि सहज विरून जातात. 'फोर्थविथ' हा शब्द मात्र बोलण्यात फारसा येत नाही. तो येतो नोटिशीत, करारनाम्यात, बडतर्फीच्या पत्रात, न्यायालयाच्या आदेशात आणि कायद्याच्या कलमात. जागा फोर्थविथ रिकामी करावी, थकलेली रक्कम फोर्थविथ भरावी, अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याला फोर्थविथ अहवाल पाठवावा, अशा वाक्यांतून तो भेटतो. शब्दकोश उघडला तर अर्थ सोपा वाटतो : ताबडतोब, तत्काळ, विनाविलंब. अडचण सुरू होते ती त्यानंतर. ताबडतोब म्हणजे त्याच क्षणी, त्याच दिवशी, की आठवड्याभरात? या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्याचे घर, नोकरी आणि प्रसंगी स्वातंत्र्यही अवलंबून असते. एका शब्दावर न्यायाधीशांना पानेच्या पाने खर्ची घालावी लागली आहेत, ती यामुळेच.

शब्दाची घडण

'फोर्थविथ' हा जोडशब्द आहे. 'फोर्थ' म्हणजे पुढे आणि 'विथ' म्हणजे सह किंवा सोबत. मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन शब्द सुटे लिहिले जात आणि त्यांचा अर्थ 'त्याच्या सोबतच' असा होई. एक घटना घडली आणि तिला लागूनच दुसरी घडली, दोहोंमध्ये फट राहिली नाही, ही त्यामागची कल्पना. 'सोबतच' या अर्थावरून पुढे 'लगोलग' हा अर्थ पक्का झाला. मराठीतील 'लगेच' आणि 'लगोलग' हे शब्द याच कल्पनेच्या जवळ जातात. एका गोष्टीला दुसरी लागून येणे, हाच भाव त्यांतही आहे.

या घडणीत एक महत्त्वाची खूण दडलेली आहे. 'फोर्थविथ' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याला मागे एखादी घटना लागते. अटक झाली की फोर्थविथ, नोटीस मिळाली की फोर्थविथ, आदेश निघाला की फोर्थविथ. घड्याळ कोणत्या क्षणापासून सुरू झाले, हे ठरल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लावता येत नाही. पुढे न्यायालयांत झालेले बरेच वाद याच मुद्द्याभोवती फिरलेले दिसतात.

इंग्रजीत या शब्दाचे जवळचे नातलग म्हणजे 'इमिजिएटली' आणि 'ॲट वन्स'. तिन्हींचा अर्थ जवळपास एकच असला तरी सूर वेगळा आहे. 'ॲट वन्स' घरात मुलाला सांगताना चालते. 'इमिजिएटली' घरात आणि कचेरीत दोन्हीकडे चालते. 'फोर्थविथ'ला मात्र शिक्कामोर्तबाचा वास आहे. मित्राला जेवायला बोलावताना कोणी हा शब्द वापरला तर तो विनोदच ठरेल. वाक्यातील त्याची जागाही ठरल्यासारखी असते. कायद्याच्या इंग्रजीत तो बहुधा 'शॅल' या सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर येतो आणि त्या क्रियेला सक्तीबरोबरच घाईही चिकटवतो.

'लगेच' शब्दांची झीज

घाई दाखवणारे शब्द फार काळ ताजे राहत नाहीत. ते झिजतात. इंग्रजी भाषेचा इतिहास याची साक्ष देतो. आज 'सून' म्हणजे 'लवकरच' असे शाळेत शिकवले जाते. प्राचीन इंग्रजीत याच शब्दाच्या 'सोना' या रूपाचा अर्थ होता 'तत्क्षणी'. 'अनॉन' हा आता जवळजवळ लोपलेला शब्दही मुळात 'लगेच' असाच अर्थ सांगत असे. पुढे तो 'थोड्या वेळाने' या अर्थापर्यंत घसरला. 'बाय अँड बाय'ची कथा तर आणखी बोलकी आहे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या किंग जेम्स भाषांतरात, योहानाचे शिर तबकात घालून द्यावे अशी मागणी होते, तेव्हा ती 'बाय अँड बाय' या शब्दांत केलेली आहे. तेथे त्याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता' असा आहे. आजच्या इंग्रजीत मात्र 'बाय अँड बाय' म्हणजे 'यथावकाश, केव्हा तरी'. जुना अर्थ ठाऊक नसलेला वाचक ही मागणी निवांतपणे केलेली आहे असे समजून पुढे जाईल.

'प्रेझेंटली' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. त्याच भाषांतरात अंजिराचे झाड 'प्रेझेंटली' वाळून गेल्याचा उल्लेख आहे. अर्थ आहे 'तत्काळ'. पुढील काळात ब्रिटिश इंग्रजीत तो 'थोड्या वेळात' असा झाला. अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये 'सध्या, आजमितीला' हा अर्थ रूढ राहिला आणि भारतातही नोकरीच्या अर्जात 'प्रेझेंटली' लिहिणाऱ्याला 'सध्या' असेच म्हणायचे असते. 'मोमेंटरिली' या शब्दाने तर अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर गोंधळ घातला आहे. ब्रिटिश माणसाला तो 'क्षणभर' असा ऐकू येतो, अमेरिकी माणसाला 'क्षणात'. विमान 'मोमेंटरिली' उतरणार आहे, ही अमेरिकी घोषणा ब्रिटिश प्रवाशाला विमान क्षणभर टेकून पुन्हा उडणार असल्यासारखी वाटते, हा विनोद त्यातूनच जन्मला.

या झिजेचे कारण भाषेत नसून माणसात आहे. माणूस 'लगेच करतो' असे म्हणतो आणि थोड्या वेळाने करतो. ऐकणाऱ्याला हळूहळू सवय होते आणि 'लगेच'चा अर्थच 'थोड्या वेळाने' असा होऊन बसतो. मराठीलाही हा अनुभव नवा नाही. अजून घरातून न निघालेला माणूस दूरध्वनीवर 'हा काय, आलोच' असे भूतकाळात सांगतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. रेल्वेच्या आरक्षणात 'तत्काळ' हे एका योजनेचे नाव झाले. ती तिकिटे गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी मिळतात. शब्दाचा अर्थ 'त्याच वेळी', व्यवहारातील अर्थ 'आदल्या दिवशी सकाळी'.

'फोर्थविथ' मात्र या झिजेतून बराचसा वाचला. तो रोजच्या बोलण्यातून बाहेर पडून कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला, हे त्याचे कारण असावे. तेथे त्याच्या अर्थावर पहारा ठेवणारे लोक होते.

न्यायालयाने लावलेला अर्थ

इंग्लंडमधील न्यायालयांपुढे हा शब्द एकोणिसाव्या शतकात वारंवार आला. १८७८ साली बर्कशायरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसंबंधीच्या एका प्रकरणात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी त्याचा जो अर्थ लावला, तो आजही आधारभूत मानला जातो. त्यांच्या मते 'फोर्थविथ' आणि 'इमिजिएटली' यांत फरक नाही. हे शब्द 'वाजवी वेळेत' या शब्दप्रयोगापेक्षा अधिक कडक आहेत. त्यांत तत्पर, जोमदार आणि विलंबरहित कृती अभिप्रेत आहे. मात्र अशी कृती झाली की नाही, हा त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न आहे.

या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख आहे. न्यायालयाने शब्द कडक ठरवला, पण त्याला तास किंवा दिवस चिकटवले नाहीत. विलंब झाला आहे का, हे मोजताना घड्याळापेक्षा परिस्थिती पाहायची, असा हा दंडक झाला. जर्मन दिवाणी संहितेच्या १२१व्या कलमाने हीच कल्पना व्याख्येत बसवली आहे. तेथे 'उनफेरत्स्यूग्लिश' या क्रियाविशेषणाचा अर्थ 'दोषास्पद दिरंगाई न करता' असा दिला आहे. म्हणजे वेळ लागला हा गुन्हा नाही. ज्याचे समर्थन करता येत नाही असा वेळ लागला, तर तो दोष.

मुंबई, जानेवारी १९५६

या शब्दाचा सर्वांत मोठा भारतीय कस मुंबईशी निगडित आहे. भाषावार राज्यरचनेच्या प्रश्नावरून १९५६ सालच्या जानेवारीत शहर धुमसत होते. १६ जानेवारी रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई शहर केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा जमाव रस्त्यावर आला. पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे बळी गेले. या घोषणेच्या अगोदर, १३ जानेवारी रोजी, मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा, १९५० अन्वये काही जणांना स्थानबद्ध करण्याचे आदेश काढले होते.

या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार असा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने ती गोष्ट राज्य सरकारला 'फोर्थविथ' कळवणे बंधनकारक होते. आयुक्तांचा अहवाल राज्य सरकारकडे गेला तो २१ जानेवारी रोजी. मधले आठ दिवस 'फोर्थविथ'मध्ये बसतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केशव नीळकंठ जोगळेकर विरुद्ध मुंबईचे पोलीस आयुक्त या नावाने हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे.

प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हता. प्रतिबंधक स्थानबद्धतेत माणसावर आरोपपत्र नसते, खटला नसतो. एका अधिकाऱ्याच्या समाधानावर त्याचे स्वातंत्र्य जाते. त्या अधिकाऱ्याच्या निर्णयाकडे वरिष्ठांनी लवकरात लवकर पाहावे, एवढेच एक संरक्षण या टप्प्यावर असते. 'फोर्थविथ' हा शब्द म्हणजे त्या संरक्षणाची कडी होती.

न्यायालयाने प्रथम शब्दांतील फरकाकडे लक्ष वेधले. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात 'फोर्थविथ' आहे, तर सातव्या कलमात, स्थानबद्धाला कारणे कळवण्याच्या संदर्भात, 'ॲज सून ॲज मे बी' म्हणजे 'शक्य तितक्या लवकर' असा शब्दप्रयोग आहे. एकाच कायद्यात दोन वेगळे शब्द योजले, त्या अर्थी विधिमंडळाला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या होत्या, असे न्यायालयाने म्हटले. 'शक्य तितक्या लवकर'मध्ये वाजवी सोयीला थोडी जागा आहे. 'फोर्थविथ'मध्ये ती नाही. तेथे एकच कसोटी : झालेला विलंब टाळता आला असता का? टाळता येण्याजोगा असेल तर तो कायद्याचा भंग. टाळता येण्याजोगा नसेल तर नाही.

या कसोटीवर न्यायालयाने त्या दिवसांतील मुंबईची स्थिती पाहिली. संपूर्ण पोलीस यंत्रणा दंगलींना तोंड देण्यात गुंतलेली होती, हे स्पष्टीकरण ग्राह्य धरले गेले आणि आठ दिवसांचा विलंब टाळता न येण्याजोगा ठरला. स्थानबद्धांची बाजू फेटाळली गेली. आदेश टिकला, पण शब्दाचा अर्थ कडक झाला, असे या निकालाचे दुहेरी फलित आहे. ते स्थानबद्ध त्या वेळी हरले. मात्र त्यानंतर प्रत्येक सरकारवर विलंबाच्या एकेका दिवसाचा खुलासा करण्याची जबाबदारी आली. हेच शब्द राष्ट्रीय सुरक्षा कायदा, १९८० मध्येही कायम राहिले. त्यातही अधिकाऱ्याने राज्य सरकारला 'फोर्थविथ' कळवायचे असते आणि आदेशाला साधारणतः १२ दिवसांत राज्याची मंजुरी मिळाली नाही तर तो संपुष्टात येतो. राज्याने केंद्राला कळवण्यासाठी मात्र याच कायद्यात ७ दिवसांची स्पष्ट मुदत आहे. एकाच कलमात एका पायरीवर शब्द आहे आणि दुसऱ्या पायरीवर आकडा.

पोलीस तपासातील 'ताबडतोब'

सर्वसामान्य नागरिकाचा या शब्दाशी संबंध येतो तो बहुधा फौजदारी तपासात. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने तिचा अहवाल दंडाधिकाऱ्याला 'फोर्थविथ' पाठवावा, असे फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३च्या १५७व्या कलमात म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या १७६व्या कलमात ही तरतूद कायम आहे.

या घाईमागे व्यवहारी कारण आहे. खबर लिहून झाल्यावर ती पोलीस ठाण्यातच पडून राहिली तर तिच्यात नंतर नावे घातली जाण्याचा, वेळ बदलली जाण्याचा किंवा कहाणी रचली जाण्याचा धोका असतो. प्रत दंडाधिकाऱ्याकडे पोहोचली की तिच्यावर बाहेरचा शिक्का बसतो. म्हणून खून खटल्यात बचाव पक्षाचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतात की, अहवाल दंडाधिकाऱ्याकडे किती वाजता पोहोचला?

तथापि, उशीर झाला म्हणून खटला आपोआप कोसळत नाही. खबर वेळेत नोंदली गेली असेल आणि तपास लगेच सुरू झाला असेल, तर केवळ दंडाधिकाऱ्याकडे प्रत उशिरा पोहोचली म्हणून तपास दूषित ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच स्पष्ट केले होते. उशिराचे समाधानकारक कारण मात्र दाखवावे लागते. कारण नसेल आणि पुराव्यात इतरही दोष असतील, तर तोच उशीर आरोपीच्या बाजूने संशयाचा फायदा निर्माण करतो.

मालमत्ता किंवा बँक खाते जप्त केल्यास त्याची माहितीही दंडाधिकाऱ्याला 'फोर्थविथ' द्यावी लागते. २०२४ सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या बँक खात्यांच्या एका प्रकरणात या शब्दाचा पुन्हा ऊहापोह केला. माहिती उशिरा दिली म्हणून जप्ती रद्दबातल होत नाही, पण विलंबाचे स्पष्टीकरण नसेल तर संबंधित अधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. म्हणजे शब्द मोडल्याची किंमत कोणी मोजायची, याचेही उत्तर बदलत असते. कधी ती सरकारी पक्ष मोजतो, कधी एखादा अधिकारी, आणि खाते गोठलेला नागरिक मध्ये तिष्ठत राहतो.

'शक्य तितक्या लवकर'चे राजकारण

'फोर्थविथ'चा मवाळ भाऊ म्हणजे 'ॲज सून ॲज पॉसिबल'. राज्यघटनेत तो मोक्याच्या ठिकाणी बसलेला आहे. संसदेने संमत केलेले विधेयक राष्ट्रपती फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. घटनेच्या मसुद्यात त्यासाठी सहा आठवड्यांची मुदत सुचवलेली होती. १९४९ साली घटना समितीतील चर्चेत ती मुदत गेली आणि तिच्या जागी 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द आले. आकडा जाऊन क्रियाविशेषण आले. राज्यपालांसाठीच्या अनुच्छेद २०० मध्येही हेच शब्द आहेत.

पाऊण शतकानंतर हा बदल वादाचा विषय ठरला. तमिळनाडूच्या विधेयकांवरील निर्णय राज्यपालांकडे दीर्घकाळ रखडल्याने ते सरकार न्यायालयात गेले. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्यासाठी कालमर्यादा आखून दिल्या. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचा सल्ला मागितला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले की, घटनेने न घातलेली कालमर्यादा न्यायालयाला घालता येणार नाही. मात्र दीर्घ, खुलासा नसलेली आणि बेमुदत निष्क्रियता असेल तर मर्यादित हस्तक्षेप करता येईल. शब्द लवचीक ठेवला तर तो किती ताणता येतो, आणि कोठे तुटतो, याचा हा अलीकडचा धडा.

अमेरिकेतील चौदा वर्षे

लवचीक शब्दाची मानवी किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेत दिसले. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात सरकारी शाळांतील वांशिक विलगीकरण घटनाबाह्य ठरवले. अंमलबजावणी केव्हा करायची, याचा आदेश मे १९५५ मध्ये आला. त्यात 'ताबडतोब' हा शब्द नव्हता. 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड', म्हणजे 'पूर्ण विचारपूर्वक वेगाने', असा शब्दप्रयोग होता. 'वेग' या नामाला 'सावकाश विचार करून' या अर्थाचे विशेषण जोडल्याने दक्षिणेकडील राज्यांनी विशेषण उचलले आणि नाम सोडून दिले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड कौंटीने तर काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत उघडल्या नाहीत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळेची सोय झाली. काळ्या मुलांतील अनेकांच्या आयुष्यातून ती वर्षे कायमची गेली.

अखेर ऑक्टोबर १९६९ मध्ये मिसिसिपी राज्यातील शाळांच्या प्रकरणात न्यायालयाने जुना शब्दप्रयोग मोडीत काढला आणि 'ॲट वन्स', म्हणजे आत्ताच्या आत्ता, असा शब्द वापरला. एका क्रियाविशेषणाकडून दुसऱ्याकडे जायला चौदा वर्षे लागली. १९५५ साली शाळेत पहिले पाऊल टाकलेली मुले तोवर शाळेतून बाहेर पडली होती.

याच्या अगदी उलट प्रसंग ९ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनमध्ये घडला. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत परदेश प्रवासाचे नवे नियम वाचत होते. नियम केव्हापासून लागू, असा प्रश्न आला. त्यांनी कागद चाळला आणि त्यांना समजले त्याप्रमाणे 'तत्काळ, विनाविलंब' असे उत्तर दिले. प्रत्यक्षात ही घोषणा दुसऱ्या दिवशी व्हायची होती आणि अर्ज घेण्याची व्यवस्थाही तोवर लावायची होती. बातमी पसरली, हजारो लोक सीमेवर जमले आणि त्याच रात्री फाटके उघडावी लागली. 'तत्काळ' कोणत्या क्षणापासून, हे न सांगता उच्चारलेल्या शब्दाने बर्लिनची भिंत त्या रात्री निरर्थक केली.

शब्दाऐवजी आकडा

या अनुभवातून कायदे करणाऱ्यांनी एक उपाय शोधला. क्रियाविशेषण ठेवायचे, पण त्याच्या मागे आकडा उभा करायचा. घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये याचा उत्तम नमुना आहे. अटकेची कारणे 'शक्य तितक्या लवकर' सांगावीत, असे पहिले कलम म्हणते. अटक केलेल्याला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याबाबत मात्र दुसरे कलम प्रवासाचा वेळ वगळून २४ तास असा आकडाच देते. सामान्य माणसाला यांतील कोणते कलम तोंडपाठ आहे, हे सांगायला नको.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये दोन्ही एकत्र आहेत. माहिती 'शक्य तितक्या शीघ्रतेने' द्यायची, पण कोणत्याही परिस्थितीत ३० दिवसांच्या आत. व्यक्तीच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. महाराष्ट्राने त्याच वर्षीच्या, 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अधिनियमात कार्यालयीन विशेषणांनाच मुदती बांधल्या. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. 'तातडीची' फाइल शक्यतो चार दिवसांत निघावी आणि 'तत्काळ' असा शेरा असलेली फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. २०१५ सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांनाही अशाच मुदती लावल्या. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' या म्हणीत लोकांनी स्वतःच ठरवून टाकलेली मुदत होती. तिच्या जागी दुसरी मुदत ठेवण्याचा हा प्रयत्न होता.

मग प्रत्येक ठिकाणी आकडाच का घालत नाहीत? कारण आकड्याचीही एक खोड आहे. ३० दिवसांची मुदत दिली की पहिल्या दिवशी होण्यासारखे काम तिसाव्या दिवशी होते. मुदत ही कमाल मर्यादा असते, पण व्यवहारात ती किमान ठरते. 'फोर्थविथ' हा शब्द ही सवलत देत नाही. एका तासात होण्यासारखे काम असेल तर दोन तासही त्याच्या दृष्टीने उशीरच. म्हणून जेथे प्रत्येक तास मोलाचा आहे तेथे शब्द, आणि जेथे टाळाटाळीची भीती आहे तेथे आकडा, अशी वाटणी कायद्यात दिसते. दोन्ही भीती असतील तेथे दोन्ही.

वापरताना आणि वाचताना

इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी हा शब्द जपून वापरावा. ज्याला आदेश देण्याचा किंवा मागणी करण्याचा अधिकार आहे, त्याच्या लेखणीत तो शोभतो. विनंतीच्या पत्रात तो उद्धट वाटतो. भूतकाळातील साध्या निवेदनातही 'इमिजिएटली' पुरेसा असतो. सोप्या इंग्रजीचा आग्रह धरणारे तर कायद्यातही त्याऐवजी 'इमिजिएटली' वापरावे असे सुचवतात. 'विथ इमिजिएट इफेक्ट' हा शब्दप्रयोग मात्र 'फोर्थविथ'चा पर्याय नव्हे. पहिला आदेश लागू केव्हापासून ते सांगतो, दुसरा कृती केव्हा करायची ते. बदलीचा आदेश आज लागू होतो आणि नव्या जागी फोर्थविथ रुजू व्हायचे असते, या वाक्यात दोहोंचे काम वेगळे आहे.

मराठीत भाषांतर करताना 'फोर्थविथ'साठी 'ताबडतोब', 'तत्काळ' किंवा 'विनाविलंब' हे शब्द योग्य. न्यायालयाने लावलेल्या अर्थाला सर्वांत जवळचा 'विनाविलंब', कारण त्यात विलंबाचाच विचार आहे. 'लवकरात लवकर' हा त्याचा पर्याय म्हणून वापरू नये, तो 'शक्य तितक्या लवकर'च्या घरातला. 'यथावकाश' तर दुसऱ्याच टोकाला आहे. मूळ कलमात 'फोर्थविथ' असताना भाषांतरात 'लवकर' आले तर नागरिकाचा हक्क तेवढ्याने पातळ होतो.

एखाद्या नोटिशीत हा शब्द आढळल्यास दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात. एक, घड्याळ कोणत्या घटनेपासून सुरू होते : नोटिशीच्या तारखेपासून, ती मिळाल्यापासून, की अन्य काही घडल्यापासून. त्यासाठी नोटीस मिळाल्याची तारीख आणि वेळ पाकिटावरच नोंदवून ठेवणे उपयोगी पडते. दोन, तेवढ्या वेळात ते काम करणे शक्य आहे का. शक्य नसेल तर गप्प न बसता कारणासह लेखी उत्तर द्यावे आणि त्याची पोच ठेवावी. न्यायालयांनी या शब्दाचा अर्थ लावताना विलंबापेक्षा विलंबाच्या खुलाशाला अधिक महत्त्व दिले आहे. खुलासा वेळेत दिलेला असेल तर तो खुलासा ठरतो, नंतर दिला तर सबब. स्वतः करार करताना मात्र या शब्दावर विसंबू नये. अनामत रक्कम 'फोर्थविथ' परत मिळेल असे लिहिण्यापेक्षा जागेचा ताबा दिल्यापासून सात दिवसांत मिळेल असे लिहिणे दोन्ही पक्षांच्या हिताचे.

१९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी सत्तर वर्षांनंतरही बदललेली नाही. 'फोर्थविथ'चा अर्थ विचारला जातो तेव्हा खरा प्रश्न किती दिवस गेले हा नसतो. त्या दिवसांत काय केले, आणि जे केले नाही ते का केले नाही, हा असतो. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे, एवढ्यासाठीच हा शब्द कायद्याच्या पुस्तकात टिकून राहिला आहे.